पाहुणचार येतो, दर सांगता येत नाही

पर्यटनाच्या गावांत होमस्टेचं, म्हणजे पैसे घेऊन आपल्या घरात पाहुणे ठेवण्याचं, प्रशिक्षण बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. शहरातून कुणीतरी येतं, प्रोजेक्टर लावतं आणि आयुष्यभर आल्यागेल्याला जेवू घातलेल्या बायकांना पाहुण्यांचं स्वागत कसं करावं हे सांगायला लागतं. हसून दार उघडा. आधी पाणी विचारा. सामान घ्यायला पुढे व्हा. समोरच्या बायका मान डोलावतात, वहीत लिहूनही घेतात. त्यांचं खरं घोडं कुठे अडतंय, ते मात्र त्या दोन दिवसांत कुणी विचारत नाही.

मी अशा गटांबरोबर काम करते. माझ्या अनुभवाप्रमाणे घोडं अडतं ते पैशापाशी.

आम्ही एक सराव घेतो. मी शेजारच्या खोलीत जाऊन गिऱ्हाईक होते आणि गटातल्या एकीला फोन लावते. बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती बसून स्पीकरवर ऐकत असतात. "ताई, आम्ही चौघं आहोत, दोन रात्री राहायचंय, जेवणासकट कसं पडेल?" पलीकडे नुसती शांतता. मग उत्तर येतं, "या ना तुम्ही. पैशाचं काय एवढं, आल्यावर बघू." दुसरी म्हणते, "मुलाला विचारून सांगते." तिसरी एका दमात आकडा सांगून टाकते आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणते, "जास्त वाटत असेल तर कमी करू हं." तिला मी मुद्दाम आणखी ताणते. "जरा बघा की, आम्ही दरवर्षी येणारी माणसं आहोत." ती लगेच उतरते, तेही इतकी, की भोवतीच्या बायका मोठ्याने ओरडतात, "अगं, त्या चादरी कोण धुणार?"

त्या ओरडण्यापासून खरा वर्ग सुरू होतो. मग आम्ही कागद घेतो. चार माणसं, दोन रात्री. किराणा किती, गॅस किती, वीज, साबण, धुलाई, भाजीला बाजारात जायचं गाडीभाडं, फाटणाऱ्या उशीच्या अभ्र्यांचा वाटा. बायका भराभर सांगतात, त्यांचा हिशोब पक्का असतो. यादी संपली की मी विचारते, अजून काय राहिलं? पुष्कळ वेळ कुणाला काही आठवत नाही. पहाटे उठून पाणी तापवणारी, तीन वेळा चूल-गॅसपाशी उभी राहणारी, पाहुणे झोपल्यावर भांडी आवरणारी बाई त्या कागदावर कुठेच नसते. तिच्या तासांना दर लावायचा, हे सुचायलाच वेळ लागतो. सुचल्यावरही कुणीतरी म्हणतंच, "ते तर आपण घरी करतोच की." मी त्या वाक्याशी वाद घालत नाही. शेतावर बाहेरची बाई मजुरीला आली तर तिला दिवसाचं काय देता, एवढंच विचारते. तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. तोच कागदावर लिहायचा.

दर ठरला, तरी तो बोलायची सवय लागावी लागते. घरी आलेल्याकडून पैसे घेणं हे कमीपणाचं, अशी समजूत अंगात इतकी मुरलेली असते की दर सांगताना जीभ रेटत नाही. म्हणून आम्ही तो पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणतो. आधी एकमेकींना, मग घरातल्या पुरुषांसमोर, मग खऱ्या फोनवर. आगाऊ रक्कम किती, आयत्या वेळी बेत रद्द झाला तर त्यातलं परत काय, लहान मुलांना किती, हे सगळं फोन उचलायच्या आधी ठरलेलं असलं की आवाज आपोआप स्थिर होतो. पाहुण्यालाही ते बरं पडतं. "द्या काय द्यायचं ते" असं म्हणणाऱ्या घरातून निघताना आपण कमी तर दिलं नाही ना, ही रुखरुख त्याच्याबरोबर जाते. पुष्कळ जण त्या संकोचापायी पुन्हा त्या घरी येत नाहीत.

दुसरा धडा न्हाणीघराचा. तो व्याख्यानाने शिकवता येत नाही. त्यासाठी गटातल्या घरांनी एका रात्रीपुरती अदलाबदल करायची. हिने तिच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं, तिने हिच्या. पिशवी घेऊन जायचं, दार वाजवायचं, दिलेल्या खोलीत झोपायचं, सकाळी आंघोळ करून निघायचं. आधी सगळ्या हसतात, गल्लीतल्या घरी काय पाहुणी म्हणून जायचं! सकाळी मात्र प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी असतं. न्हाणीघराची कडी आतून नीट बसत नाही. ओला टॉवेल टाकायला खुंटी नाही, म्हणून तो दारावर टाकला तर दार लागत नाही. रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडलं नाही, भिंत चाचपत गेले. कोरडे कपडे ठेवायला जागाच नाही. खिडकीला पडदा आहे, पण बाहेरून आत दिसतं. पहाटे पाण्याची मोटर उशाशीच सुरू झाली. यातलं एकही काम फार खर्चाचं नाही. खुंटी, कडी, बटणापाशी एक लहानसा दिवा, पडद्याला अस्तर. पण वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला आपल्या घरातल्या या गोष्टी दिसत नाहीत, कारण त्याचा हात अंधारातही बरोबर बटणावर जातो.

या सरावातली सगळ्यात अवघड गोष्ट पुढची. एकदा एक वहिनी सकाळी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "उशीला वास येत होता. पण तिला कसं सांगू? आमचं येणं-जाणं आहे." शेजारणीला तिच्या घरातली उणीव सांगायची, तिने ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी दोघींनी एकाच नळावर पाणी भरायचं, हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. माझ्या मते सगळं गाव मिळून होमस्टे चालवायचा तर सगळ्यात आधी हेच जमलं पाहिजे. आम्ही त्याला एक सोपी रीत लावली आहे. आधी त्या घरातली शिकण्यासारखी एक गोष्ट सांगायची, मग बदलायच्या दोन, आणि ती बोलणी त्या घराच्या ओट्यावरच संपवायची. त्या वहिनींनी उशीचं सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या चार दिवस बोलल्या नाहीत, नंतर बोलल्या, आणि उशा उन्हात पडायला लागल्या.

घर नीट झालं, दर ठरला, की खरी परीक्षा गावाची. पाहुणे रस्त्यालगतच्या घरात शिरतात. गाडीवाला ज्या घरातून वाटा मिळतो तिथेच गाडी थांबवतो. एका घराचे फोटो चांगले निघाले, की सगळी बुकिंगं त्या घराकडे जातात आणि डोंगराच्या अंगाला राहणाऱ्यांच्या खोल्या हंगामभर रिकाम्या राहतात. पुढच्या वर्षी तीच माणसं पाण्याच्या टँकरवरून, कचऱ्यावरून, रात्रीच्या गोंगाटावरून तक्रारी करू लागतात. त्यांचं चूक नसतं. पर्यटनाचा त्रास सगळ्या गावाला आणि मिळकत चार घरांना, हे कुणी किती दिवस सोसायचं?

यावरचे उपाय जगात करून पाहिलेले आहेत. नेपाळमध्ये स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावाने १९९७ मध्ये होमस्टे सुरू केला. वस्ती मुख्यतः गुरुंग समाजाची, त्यात सैन्यातून निवृत्त होऊन आलेली बरीच माणसं. तिथे पाहुणा घर निवडत नाही. गावाची समिती त्याला घर नेमून देते. लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक आणि आसपासच्या गावांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण तिथे होमस्टेचा उगम हौसेतून झाला नाही. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला की एका फेरीत कितीतरी शेळ्यामेंढ्या मारून टाकायचा, आणि चिडलेली माणसं त्याला मारायची. हिमबिबट्यांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांबरोबर बसून गोठे पक्के करायला मदत केली आणि जोडीला घरात पाहुणे ठेवायचं काम उभं केलं. त्या कामामागे रिंचेन वांगचुक हा लडाखचाच माणूस होता, २०११ मध्ये तो गेला. तिथे घरांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि मिळकतीतला दहा टक्के वाटा गावाच्या संवर्धन निधीत जातो. ज्याने काल आपली जनावरं मारली, त्याला बघायला माणसं येतात आणि आपल्या घरी राहतात, असं गणित एकदा जुळलं की बिबट्या जिवंत राहण्यात गावाचाही वाटा येतो.

उत्तराखंडात मुनस्यारीजवळच्या सरमोलीत बायकांनी होमस्टेची सांगड वनपंचायतीच्या, म्हणजे गावाचं जंगल राखणाऱ्या गावच्याच समितीच्या, कामाशी घातली. पाहुण्यांना जे बघायचं असतं ते जंगल राखण्यात हात असेल, तर त्यातून येणाऱ्या पैशावर हक्क, असा तो विचार. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने देशातल्या सर्वोत्तम पर्यटन गावांत सरमोलीची निवड केली. मला त्या सन्मानापेक्षा ती सांगड मोठी वाटते.

पाळ्या लावणं कागदावर सोपं आहे. आता पाहुणे ऑनलाइन येतात, आधीच्या पाहुण्यांनी दिलेले तारे मोजून येतात आणि त्यांना "तेच घर" हवं असतं. तारे एका घराला मिळतात, गावाला मिळत नाहीत. पाळीचा नियम आणि पाहुण्याची निवड यांत मग ओढाताण होते. यावर सगळीकडे लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही, पण माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा येणारे आणि मोठे गट पाळीने वाटावेत. पुन्हा येणाऱ्याने जुन्या घराचं नाव घेतलं तर त्याला तिथेच जाऊ द्यावं, आणि त्या घराने गावनिधीत जरा जास्त वाटा टाकावा. ज्या बाईने मेहनतीने नाव कमावलं तिची माणसं हिसकावून घेतली तर तिचा हुरूप जातो. आणि तिच्या नावामुळे गावात आलेल्या माणसांचा फायदा शेजाऱ्याला मिळाला नाही, तर गाव फुटतं. हे दोन्ही धोके एका बैठकीत मोकळेपणी बोलून घ्यावे लागतात, तेही पहिला पाहुणा यायच्या आधी. पैसा आल्यावर तीच बोलणी भांडणं होतात.

हिशोबाची वही कुणाकडे, हाही असाच प्रश्न. ती वाचता येणाऱ्या एकाच माणसाकडे असली की बाकीच्यांच्या मनात संशय वाढतो. महिन्यातून एकदा ती चावडीवर किंवा शाळेच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवावी. कुणाकडे किती पाहुणे, निधीत किती आले, कशावर खर्च झाले. वाचून दाखवायची पाळीसुद्धा फिरती ठेवावी. अडखळत का होईना, पण आपल्या तोंडाने आकडे वाचलेली बाई पुढच्या महिन्यात प्रश्न विचारते.

नाही म्हणायला शिकणं हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करते. पाहुणा रात्री उशिरा अंगणात दारू घेऊन बसतो. न विचारता स्वयंपाकघरात येऊन काम करणाऱ्या सुनेचे फोटो काढतो. ओळखपत्र द्यायला कां-कू करतो. बुकिंग चौघांचं आणि उतरतात सात जण. अशा वेळी घरातली बाई गप्प बसते, नवरा गप्प बसतो आणि मग पाहुणे गेल्यावर दोघं एकमेकांवर चिडतात. म्हणून नियमांचा कागद सगळ्या गावाचा एकच हवा, प्रत्येक खोलीत लावलेला, बुकिंगच्या वेळीच पाठवलेला. "आमच्या गावात असं ठरलंय" हे वाक्य एकट्या बाईला फार बळ देतं. तिला भांडावं लागत नाही, कागदाकडे बोट दाखवलं की पुरतं. नोंदवही, ओळखपत्राची प्रत हेही त्याच शिस्तीत येतं. आपल्याकडे परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती ठरलेला सरकारी फॉर्म भरून २४ तासांच्या आत कळवावी लागते. हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आनंदाने जमतं, पण कायद्याने जबाबदारी घरमालकाची आहे हे मोठ्यांना माहीत असलं पाहिजे.

नाही म्हणायचं ते फक्त पाहुण्याला नाही. केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांची नोंदणी होते आणि मालकाने कुटुंबासह तिथे राहणं ही अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. कारण पैसा दिसायला लागला की घरातली माणसंच आकसायला लागतात. आधी चांगली खोली पाहुण्याला जाते, मग दुसरी. आजी स्वयंपाकघरात झोपायला जाते, दहावीचा मुलगा माळ्यावर अभ्यास करतो, आणि हंगाम संपेपर्यंत कुणाच्या तोंडून तक्रार निघत नाही, कारण पैशाची गरज खरी असते. आमच्या बैठकीत एका मावशींनी हा विषय काढला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली झोपता येत नाही. त्यांचा पलंग मी देणार नाही, मग एक खोली कमी का असेना." मला वाटतं, खोल्या मोजायला आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि संस्थेने आधी हे विचारावं: पाहुणे आले की घरातलं कोण कुठे झोपतं?

बाईच्या कामाचंही तसंच. होमस्टेने तिचं काम दुप्पट होतं आणि बँक खातं नवऱ्याच्या नावावर असतं. बुकिंगचे पैसे तिच्या खात्यात, तिच्या फोनवर यावेत, एवढी साधी गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. यूपीआय कसं चालवायचं ते बायका एका दुपारी शिकतात. फोन कुणाच्या हातात राहतो, यावर घरात जे बोलणं होतं त्याला जास्त दिवस लागतात.

इंग्रजी येत नाही म्हणून कच खाणाऱ्यांना मी एवढंच सांगते की खोलीतल्या सोयी, जेवणाच्या वेळा, पैसे आणि अडचण यांपुरती पन्नासेक वाक्यं पुरतात, उरलेलं हातवाऱ्यांनी होतं. भाषेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या परिसराबद्दल खरं बोलता येणं. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला, आणि पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले. आता विचार करा. लांबचा प्रवास करून, लहान मुलांना घेऊन माणसं येणार ती पिल्लं समुद्रात जाताना बघायला. पण पिल्लं कधी बाहेर पडतील ते वाळूखालची अंडी ठरवतात. एखाद्या सकाळी पुष्कळ निघतात, एखाद्या सकाळी एकही नाही. "या, नक्की दिसतील" असं फोनवर म्हणणं फार सोपं आणि फार मोहाचं आहे. "दिसतीलच असं सांगता येत नाही, पण आलात तर किनारा, घरटी आणि ती राखायचं काम दाखवू" असं म्हणायला धीर लागतो. खरं बोलून बोलावलेला पाहुणा रिकाम्या हाती परतला तरी चिडत नाही. खोटी आशा दाखवून बोलावलेला माणूस पिल्लं बाहेर काढा म्हणून आग्रह धरतो, आणि मग नुकसान कासवांचं होतं. काजवे असोत, पक्षी असोत की धबधबा, जिथे निसर्गाच्या भरवशावर पाहुणे येतात तिथे हे सांगायचा सराव फोनवरच्या दराइतकाच करून घ्यायला हवा.

हे सगळं दोन दिवसांच्या शिबिरात बसत नाही, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. योजनांचा पैसा शौचालयाच्या फरशीवर, रंगावर, कमानीवर खर्च होतो, कारण त्याचे फोटो निघतात. माणसं शिकवायला उरतात दोन दिवस, हंगामाच्या तोंडावर, तेही पेरणी नाहीतर लग्नसराईच्या धांदलीत. प्रशिक्षण हंगामाआधी एकदा, हंगामात पाहुणे घरात असताना एकदा आणि हंगाम संपल्यावर वही उघडून एकदा, असं किमान वर्षभर चालायला हवं. मधल्या भेटीत सगळ्यात जास्त शिकून होतं. तेव्हा तक्रार ताजी असते, पाहुणा समोर असतो आणि चुकलेलं त्याच संध्याकाळी सुधारता येतं.

शिकवणाराही बदलायला हवा. गुजरातमध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०१६ मध्ये राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या ऑनलाइन कंपनीशी करार करून आपल्या ग्रामीण सभासदांची घरं पाहुण्यांसाठी तयार केली. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभी केलेली ही संघटना. एवढ्या वर्षांचा आपसातला विश्वास तिथे आधीपासून होता, म्हणून ते काम पायावर उभं राहिलं असं मला वाटतं. जिथे अशी संघटना नाही तिथे तो विश्वास शेजारच्या गावातून आणता येतो. दोन हंगाम घर चालवलेली बाई पुढच्या गावात जाऊन बसली की तिथल्या बायका तिला जे विचारतात ते मला कधीच विचारत नाहीत. पाहुण्याने बिछान्यात लहान मुलाची शू झाल्याचं लपवलं तर गादी कशी वाचवायची? मासिक पाळीचे चार दिवस अंगात त्राण नसताना घरात पाहुणे आले तर काय करतेस? सासरे पाहुण्यांसमोर ओरडले तेव्हा तू काय केलंस? ती उत्तरं देते, हसते, आपल्या फोनमधले जुने हिशोब काढून दाखवते, आणि त्या दुपारी शेवटी कुणीतरी तिलाच फोन लावून दर सांगायचा सराव करते. ती पलीकडून घासाघीस करते, माझ्यापेक्षा कितीतरी चिकाटीने.

अशा बाईला बोलावताना तिचं मानधन आणि प्रवासखर्च अर्जातच धरायचा, साहेबांच्या व्याख्यानाला देतात तेवढाच. आणि त्या दिवशी तिच्या घरी पाहुणे असतील तर त्यांचं जेवणखाण बघायची पाळी कुणाची, हे तिच्या गटाने आदल्या बैठकीत ठरवून ठेवायचं.